सात आठवड्यांत बंड्या लीड्सला पोहोचणार नाही, पण पोहोचेल

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या बाई पुण्याच्या आहेत. त्यांना इंग्लंडमध्ये लीड्स इथे नोकरी मिळाली असून सात आठवड्यांत, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला, रुजू व्हायचं आहे. घरात यजमान, बारा वर्षांची मुलगी आणि बंड्या. बंड्या देशी कुत्रा, वय अंदाजे सहा, वजन १८ किलो, लॉकडाऊनमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेला. रेबीजची लस दर वर्षी टोचलेली आहे, मायक्रोचिप मात्र नाही. एका एजंटाने साडेतीन लाख सांगितले आणि "कागदांवरच्या तारखांचं मी बघतो" असा दिलासा दिला. दुसऱ्याने सांगितलं, की तिकडे चार महिने क्वारंटाइन ठरलेलंच. यजमानांना तीन महिन्यांचा नोटीस पीरियड आहे, पण सगळ्यांनी एकत्रच निघायचं म्हणून पैसे भरून तो कमी करून घ्यायचा विचार चालू आहे. सांगलीचे सासरे (वय ७४) बंड्याला सांभाळायला तयार आहेत. दीर म्हणतात, "तो मूळचा पार्किंगमधलाच, परत सोडलात तरी जगेल." मुलगी म्हणते, बंड्या नाही तर मीही नाही. बाई लिहितात, "चार महिने अनोळखी पिंजऱ्यात टाकायचं की कायमचं सांगलीला सोडायचं, एवढेच दोन रस्ते दिसतात. रात्री झोप लागत नाही."

उत्तर:

तिसरा रस्ता आहे, आणि तो तुमच्याच पत्रात आहे. यजमानांचा नोटीस पीरियड तुम्ही अडचण म्हणून लिहिला आहे. मला ती बंड्याची सोय वाटते. पैसे भरून तो कमी करून घेऊ नका. सप्टेंबरमध्ये तुम्ही आणि लेक पुढे जा. तिकडच्या शाळा सप्टेंबरमध्येच सुरू होतात, त्यामुळे तिचंही नुकसान होणार नाही. यजमान आणि बंड्या डिसेंबरच्या सुरुवातीला मागून येतील. मग क्वारंटाइनही नको आणि सांगलीही नको.

असं का म्हणते, ते नीट सांगते, कारण नियम कळला की निम्मी धास्ती कमी होते. प्राण्यांची डॉक्टर म्हणून मी अशी बरीच कुटुंबं पाहिली आहेत, आणि 'क्वारंटाइन' म्हटलं की जवळजवळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पिंजराच येतो. ब्रिटनमध्ये एके काळी खरोखरच तसं होतं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने केनलमध्ये, म्हणजे कुत्री ठेवायच्या जागेत, राहावं लागायचं, मालक कितीही जीव लावणारा असो. १९२२ साली त्या देशातल्या कुत्र्यांमधून रेबीज हद्दपार झाला आणि तो परत येऊ नये म्हणून ही सक्ती कित्येक दशकं टिकली. २००० साली पाळीव प्राण्यांच्या प्रवासाची नवी योजना आली, पुढे २०१२ मध्ये नियम आणखी सैल झाले. आज क्वारंटाइन सगळ्यांसाठी नसतं. ज्याची तयारी अपुरी, त्याच्यासाठी असतं. म्हणजे तुमच्या दुसऱ्या एजंटाने सांगितलेले चार महिने खोटे नाहीत, पण ठरलेलेही नाहीत.

तयारीत काय काय येतं आणि कोणत्या क्रमाने, ते आता सांगते. क्रम चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

सगळ्यात आधी मायक्रोचिप, म्हणजे कुत्र्याच्या अंगातला त्याचा ओळख क्रमांक. तांदळाच्या दाण्याएवढी असते, सुईने दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतात, आणि बंड्याला ती नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा फार वेगळी वाटणार नाही. चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ अंकी क्रमांकाची हवी. चिपनंतर रेबीजची लस. हवं तर त्याच दिवशी, पण चिप आधी. इथेच पुष्कळ लोक फसतात. "डॉक्टर, लस तर आत्ता मार्चमध्येच दिली आहे," असं म्हणतात. दिली आहे हे खरं, पण ती कोणत्या कुत्र्याला दिली याचा पुरावा त्या दिवशी त्याच्या अंगात नव्हता. त्यामुळे चिपच्या आधीच्या सगळ्या लसी या कामापुरत्या बाद. बंड्याच्या इतक्या वर्षांच्या लसी वाया गेल्या असं मात्र समजू नका. दर वर्षी लस मिळालेल्या कुत्र्याच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, सहसा भरपूर सापडतात, आणि पुढच्या तपासणीत त्याचा फायदा होतो.

लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. या तपासणीला टायटर टेस्ट म्हणतात. प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यायला हवं. ते आलं की, रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्टच्या तारखेपासून नव्हे, रक्त काढल्याच्या तारखेपासून. रिपोर्ट उशिरा आला तरी ते दिवस मोजले जातातच.

हे तीन महिने लोकांना निव्वळ सरकारी अडवणूक वाटतात. पण रक्ततपासणी फक्त एवढंच सांगते, की लस लागू पडली आहे. लस देण्याआधीच एखाद्या पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चावा घेतला असेल आणि विषाणू अंगात दबा धरून असेल, तर ते तिला कळत नाही. रेबीजची लक्षणं दिसायला आठवडे लागतात, कधी महिने. आजार आधीपासून असलाच, तर तो बहुधा या मुदतीत दिसून येतो. आपल्या देशात या रोगाने आजही माणसं मरतात, तेव्हा भारतातून येणाऱ्या कुत्र्याबाबत त्यांनी एवढी खबरदारी घेतली तर त्यात आपला अपमान नाही.

आता तुमच्या तारखा मांडू. जुलैच्या मध्याला चिप आणि लस. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे तुम्ही निघण्याआधी, रक्ताचा नमुना. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन महिने पूर्ण. तुम्ही निघता निघता यजमानांनी राजीनामा दिला, तर त्यांची नोटीसही त्याच सुमारास संपते. तपासणीत प्रमाण कमी आलंच, तर पुन्हा लस, पुन्हा रक्त आणि पुन्हा तीन महिने. म्हणून त्यांचं परत न करता येणारं तिकीट रिपोर्ट हातात येईपर्यंत काढू नका.

तुम्ही विचाराल, की आत्ताच नेऊन तिकडे क्वारंटाइनमध्ये ठेवलं तर? तीही सोय आहे. आधी परवाना काढायचा, मान्यताप्राप्त केनलमध्ये जागा घ्यायची, आणि खर्च सगळा तुमचा. तिथे छळ होत नाही. डॉक्टर असतात, फिरायला जागा असते, सहसा भेटायलाही जाता येतं. पण थांबायचे दिवस इथेही तेवढेच आणि तिथेही जवळपास तेवढेच. मग ते त्याने अनोळखी केनलमध्ये काढावेत, की पुण्यात स्वतःच्या सोफ्यावर, रोज सकाळी त्याच माणसाबरोबर त्याच रस्त्याने फिरत? मला यात निवड करण्यासारखं काही दिसत नाही.

एक नियम मात्र ठळक करून ठेवा, कारण तुमच्यासारख्या टप्प्याटप्प्याने जाणाऱ्या कुटुंबांना तोच नडतो. कुत्र्याचा प्रवास आणि मालकाचा प्रवास यांत पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. त्याहून जास्त झालं, की तो प्राणी घरचा म्हणून न धरता व्यापारी आयातीत धरतात, आणि मग वेगळे कागद, वेगळे नियम. तेव्हा लसीच्या पुस्तकापासून प्रत्येक कागदावर मालक म्हणून यजमानांचंच नाव लावा, तुमचं नको. कुत्र्यावर तिकडे कर लागू नये म्हणून 'ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स' ही सवलत मिळते. तिचा अर्जही त्यांच्या नावाने, वेळेत करायला हवा. आणि त्यांच्या व्हिसावर प्रवेशाची मुदत काय आहे, ते आजच बघून घ्या.

ज्या वाचकांच्या घरी असा मागे थांबणारा माणूस नाही, त्यांनी वेगळा हिशेब करावा. कुत्रा चार महिने विश्वासातल्या माणसाकडे ठेवावा आणि घरातल्या एकाने सुट्टी काढून त्याला न्यायला परत यावं. एका माणसाचं जाण्यायेण्याचं तिकीट चार महिन्यांच्या केनलपेक्षा सहसा स्वस्तच पडतं.

आता त्या पहिल्या एजंटाबद्दल. "तारखांचं मी बघतो" याचा अर्थ तो जुन्या तारखेचे दाखले करून देणार. त्याच्याशी पुढे बोलू नका. लसीच्या पुस्तकात बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. चिप कधी आली, रक्त प्रयोगशाळेत कधी पोहोचलं, या सगळ्याच्या नोंदी असतात, आणि त्या जुळवून बघणारी माणसं तिकडे रोज हेच काम करतात. पकडलं गेलं तर एजंट पुण्यात असेल आणि बंड्या केनलमध्ये, किंवा परतीच्या विमानात, तोही तुमच्याच खर्चाने. चांगले एजंटही आहेत, विमान कंपनीच्या कार्गोचं बुकिंग आणि कागदांची धावपळ ते नीट करतात, आणि पहिल्यांदाच करणाऱ्यांनी त्यांची मदत जरूर घ्यावी. चांगल्या एजंटाची खूण अशी, की तो तुम्हाला आधी 'इतक्यात जमणार नाही' असं सांगतो.

प्रवासाचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये साहाय्यक कुत्रे सोडले तर कुठलाही कुत्रा विमानाच्या केबिनमधून आत येत नाही, कार्गो म्हणूनच यावं लागतं. काही जण युरोपपर्यंत विमानाने जाऊन पुढे मोटारीने चॅनल टनेलमधून नेतात. त्यासाठी भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, कागदांचे दोन संच लागतात आणि गाडीही लागते, कारण युरोस्टार रेल्वेत पाळीव कुत्रा चालत नाही. तुमच्यासाठी मुंबईहून थेट हिथ्रोचं विमान सरळ पडेल. निघण्याआधी केंद्र सरकारच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेसच्या मुंबई कार्यालयातून प्रमाणपत्र घ्यायचं. ब्रिटनचं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्याच्या सहीने, पोहोचण्याआधीच्या दहा दिवसांतलं हवं. आणि पट्टकृमींचं (पोटातल्या चपट्या जंतांचं) औषध पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत, डॉक्टरांसमोर देऊन, तारीख आणि वेळ दोन्ही लिहून. वेळ लिहायची राहिली म्हणून माणसं अडकतात. मी साधारण तीन दिवस आधी द्यायला सांगते, म्हणजे विमान एक दिवस लांबलं तरी ही मुदत हुकत नाही. मध्ये शनिवार-रविवार किंवा सणाची सुट्टी येत नाही ना, हेही बघा.

क्रेट, म्हणजे विमानात बंड्या ज्यात बसेल तो पिंजरा, आजच आणा, डिसेंबरमध्ये नको. बंड्याला त्यात सरळ उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, अंग पसरून झोपता आलं पाहिजे. उभं राहिल्यावर कान छताला टेकत असतील तर मोठा घ्या. पहिले काही दिवस दार काढूनच ठेवा आणि जेवण आत द्या. मग दार बसवून, पण उघडं. मग तो आत हाड चघळत असताना दोन मिनिटं बंद. यजमानांचा एक जुना, न धुतलेला टी-शर्ट आत राहू दे. साडेचार महिन्यांत क्रेट त्याची झोपायची जागा झाली, तर विमानातले तास तो बऱ्यापैकी झोपून काढेल. आणि गुंगीचं औषध अजिबात नको. उंचीवर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, विमान कंपन्याही गुंगीतला कुत्रा घेत नाहीत. "डॉक्टर, एक गोळी द्या ना, बिचारा घाबरेल," असं मला प्रत्येक कुटुंब म्हणतं, आणि मी प्रत्येकाला नाही म्हणते.

हिथ्रोवर प्राण्यांचं स्वतंत्र स्वागत केंद्र आहे. तिथे चिप स्कॅन होते, कागद तपासले जातात, आणि त्यात काही तास जातात. तुम्ही लीड्सहून गाडीची सोय करून ठेवा. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाने आणि कुत्र्याने त्याच दिवशी उत्तरेकडे जाणारी गाडी शोधत बसू नये.

हे झालं कसं न्यायचं याबद्दल. न्यायचं की नाही, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो मला महत्त्वाचा वाटतो.

सासरे तयार आहेत, असं तुम्ही लिहिलंत. त्यांना हे कोणी विचारलं, आणि कधी? मुलगा-सून परदेशी निघालेले असताना ७४ वर्षांचा माणूस नाही कसा म्हणेल? १८ किलोचा कुत्रा मांजर बघून ओढ घेतो तेव्हा गुडघ्यांवर काय येतं, हे त्यांना माहीत आहे का? बंड्या अजून सात-आठ वर्षं सहज जगेल, देशी कुत्री काटक असतात. तोवर त्यांचं वय काय असेल? एकदा यजमानांना त्यांच्याशी निवांत बोलू दे, आणि "बाबा, नाही म्हणालात तरी चालेल" हे वाक्य आधी म्हणू दे. सासूबाईंनाही विचारा. घरात झाडणं-पुसणं ज्यांच्याकडे असतं, त्यांचं मत बहुतेक वेळा विचारायचं राहून जातं.

कुत्रा मागे ठेवणं नेहमीच चूक असतं, असं मी मानत नाही. अकरा-बारा वर्षांचा, हृदयाचा त्रास असलेला लॅब्राडोर आणि त्याला लहानपणापासून ओळखणारी धडधाकट मावशी असेल, तर मी मावशीकडे ठेवा असंच सांगेन. चपट्या नाकाच्या पग, बुलडॉग, शिह त्झू यांना विमानात श्वासाचा धोका जास्त असतो. पुष्कळ विमान कंपन्या त्यांना घेतच नाहीत, काही उन्हाळ्यात घेत नाहीत. पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो आणि एक्सएल बुली यांच्यावर ब्रिटनमध्ये बंदी आहे. अशा घरांनी तिकिटाच्या आधी हे बघावं. बंड्याच्या बाबतीत यातलं काहीच लागू नाही.

दिरांचं म्हणणं मात्र मनातून काढून टाका. सहा वर्षं घरात राहिलेल्या कुत्र्याला पार्किंगमध्ये जागा उरलेली नसते, तिथे आता दुसऱ्या कुत्र्यांचा इलाका असतो. ती त्याला फाडतील. पाळीव प्राण्याला असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. दीर वाईट माणूस नसतील, त्यांना तुमची ओढाताण बघवत नसेल. पण हा पर्याय नाही.

लीड्समध्ये त्याचे दिवस कसे जातील, याचाही विचार करा. पुण्यात त्याच्या अवतीभवती दिवसभर माणसं असतात: कामाच्या ताई, वॉचमन, समोरच्या आजी. तिकडे तुम्ही दोघं कामावर, लेक शाळेत, आणि चार वाजता अंधारणारा डिसेंबर. यजमानांना घरून काम मिळणार असेल तर उत्तम. नाही तर दुपारी फिरवणारा माणूस किंवा डे-केअर, हे पैसे महिन्याच्या खर्चात आत्ताच धरा. घर भाड्याने घेताना घरमालकाला कुत्र्याचं आधीच, लेखी सांगा. लपवून ठेवून नंतर सांगायचं, असं करू नका. आखूड केसांच्या देशी कुत्र्याला तिकडच्या थंडीत अंगावर कोट लागतोच, तो नखरा नव्हे. चिपची नोंद तिकडच्या डेटाबेसमध्ये करावी लागते आणि बाहेर नेताना गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता असणं कायद्याने बंधनकारक आहे. दोन-तीन वर्षांत परत यायचा बेत असेल तर भारताचेही नियम आहेत. परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्यांना दोनपर्यंत पाळीव प्राणी सामानाबरोबर आणता येतात. टायटर टेस्टचा रिपोर्ट जपून ठेवा आणि रेबीजचा बूस्टर एक दिवसही चुकवू नका, चुकला तर हे सगळं पुन्हा.

दुसऱ्या देशांत जाणाऱ्या वाचकांची पत्रंही माझ्याकडे असतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. जर्मनी, नेदरलँड्स किंवा युरोपीय संघातला कुठलाही देश असेल तर चिप, लस, रक्त आणि तीन महिने हा क्रम जवळपास हाच, पण लहान कुत्रा केबिनमधून नेता येऊ शकतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. भारतासारख्या जास्त धोक्याच्या देशातून येणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, ठरावीक विमानतळांवरच उतरवता येतो, आणि टायटर टेस्ट नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन. जपानमध्ये रक्त काढल्यानंतरची थांबायची मुदत १८० दिवसांची आहे. ऑस्ट्रेलियाला भारतातून कुत्रा थेट नेताच येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या एखाद्या देशात मुक्काम, मग मेलबर्नजवळच्या मिकलमच्या केंद्रात किमान दहा दिवस. तिकडे जाणाऱ्यांनी नोकरीचा होकार देण्याआधीच हा हिशेब करावा, नंतर नव्हे.

शेवटी तुमच्या लेकीचं. ती हट्ट करते असं तुम्ही लिहिलंत, मला ती घाबरलेली वाटते. मोठी माणसं 'बघू', 'नंतर आणू' म्हणतात आणि मग आणत नाहीत, हे बारा वर्षांच्या मुलांना पक्कं माहीत असतं. तिला 'बघू' म्हणू नका. कॅलेंडर तिच्यासमोर ठेवा, रक्त काढायची तारीख आणि तीन महिने संपायची तारीख तिच्याच हाताने लिहून घ्या, आणि तपासणीत कमी आलं तर उशीर होईल हेही आत्ताच सांगा. तिला एक खरं कामही द्या. चिपचा १५ अंकी क्रमांक तिने वहीत लिहून ठेवायचा, आणि प्रत्येक कागद आला, की लसीचं पुस्तक, प्रयोगशाळेचा रिपोर्ट, आरोग्य प्रमाणपत्र, अंक न् अंक ताडून बघायचा. लीड्सहून फोटो मागवूनही तिला ते करता येईल. एका अंकाच्या चुकीने कुत्रे अडकले आहेत, आणि मुलांची नजर याबाबतीत आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

उद्या तुमच्या डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी विचारा: आयएसओ मानकाची चिप आणि ती वाचणारा स्कॅनर त्यांच्याकडे आहे का, आणि टायटरचा नमुना ते कोणत्या प्रयोगशाळेला पाठवतात. उत्तरं समाधानकारक मिळाली, तर याच आठवड्यात बंड्याला घेऊन जा.